विक्टर त्सोय: तबकडीआधी टेपवरून देशभर पोहोचलेला गायक

१९८६ च्या शरद ऋतूपासून १९८८ पर्यंत लेनिनग्राडमधील (आजच्या सेंट पीटर्सबर्गमधील) ब्लोखिन रस्त्यावरच्या १५ क्रमांकाच्या इमारतीच्या तळघरात विक्टर त्सोय नावाचा तरुण भट्टीवाल्याचे काम करीत होता. आसपासच्या घरांना ऊब पुरवणाऱ्या बॉयलरमध्ये फावड्याने कोळसा घालायचा आणि साचलेली राख बाहेर काढायची, असे ते काम होते. त्याच वर्षांत त्याची गाणी सोव्हिएत संघातल्या दूरदूरच्या शहरांत, वसतिगृहांच्या खोल्यांत आणि इमारतींच्या जिन्यांत टेपरेकॉर्डरवर वाजत होती. ज्याचा आवाज लाखो तरुणांना पाठ आहे असा गायक कोळशाच्या खोलीत पाळी भरत बसतो, हे आज वाचताना विचित्र वाटते. त्सोयचे आयुष्य समजून घ्यायचे तर आधी या विचित्रपणाचे कारण समजून घ्यावे लागते, कारण त्याच्या गाण्यांचा घाटसुद्धा त्याच परिस्थितीतून घडला, असे मला वाटते.

सोव्हिएत कायद्यानुसार धडधाकट प्रौढ माणसाकडे अधिकृत नोकरी नसणे हा गुन्हा ठरू शकत असे. अशा माणसाला ‘तुनेयादेत्स’, म्हणजे ऐतखाऊ, म्हणत. याच लेनिनग्राड शहरात १९६४ साली कवी जोसेफ ब्रॉडस्की यांच्यावर या आरोपाखाली खटला चालला आणि त्यांना पाच वर्षांच्या सक्तमजुरीच्या हद्दपारीची शिक्षा झाली. कविता लिहिणे हे त्यांचे काम असल्याचे न्यायालयाने मानले नाही, कारण ते लेखक संघाचे सदस्य नव्हते. पुढच्या पिढीतल्या चित्रकारांनी, कवींनी आणि वादकांनी यावर आपला मार्ग काढला. रात्रपाळीचा पहारेकरी, झाडूवाला किंवा भट्टीवाला अशा नोकऱ्या ते धरत. पगार तुटपुंजा असे, पण एक सबंध दिवस पाळी केली की पुढचे काही दिवस मोकळे मिळत, आणि कागदोपत्री माणूस कामगार ठरे.

गायक म्हणून नोकरी मिळण्याची वाट वेगळी होती आणि ती बहुतेकांना बंद होती. देशात तबकड्या काढणारी ‘मेलोदिया’ ही एकच सरकारी कंपनी होती आणि आकाशवाणी व दूरचित्रवाणी ही दोन्ही माध्यमे सरकारच्या हातात होती. विद्युत गिटार वाजवणाऱ्या गटांना मान्यता मिळे ती ‘गायन-वादन समूह’ या नावाखाली. हे समूह सरकारी संगीतसंस्थांच्या पगारावर असत, संगीतकार संघातल्या सदस्यांनी रचलेली गाणी त्यांच्या कार्यक्रमात प्रामुख्याने असावीत अशी अपेक्षा असे, आणि त्यांचे कपडे, केस व मंचावरच्या हालचाली यांवरही वरून नजर असे. स्वतः लिहिलेली गाणी स्वतःच्या गटाबरोबर गाणारा तरुण या व्यवस्थेत ‘हौशी’ ठरत असे. हौशी माणसाने गाण्याचे पैसे घेतले तर तो बेकायदा धंदा मानला जाई. ‘वस्क्रेसेनिये’ या मॉस्कोतील गटाच्या अलेक्सेय रोमानोव यांना १९८३ साली याच कारणावरून अटक झाली होती.

मग गाणी पसरली कशी? टेपवरून. आपल्याकडे ‘कॅसेट भरून घेणे’ हा शब्दप्रयोग ज्यांना आठवतो, त्यांना ही गोष्ट लगेच कळेल. फरक एवढाच की आपण दुकानात मिळणाऱ्या गाण्यांची कॅसेट भरून घेत होतो आणि तिथे दुकानात न मिळणारी गाणीच भरली जात होती. बुलात ओकुद्जावा आणि व्लादिमिर विसोत्स्की या कवी-गायकांची गाणी साठच्या दशकापासून अशाच पद्धतीने देशभर गेली होती. कुणीतरी घरगुती मैफलीत रीळ-टेपरेकॉर्डर लावायचा, त्या रिळावरून मित्र आपले रीळ भरून घ्यायचा, त्याच्यावरून तिसरा. हाताने टंकलिखित करून वाटलेल्या बंदी-साहित्याला ‘समिज्दात’ म्हणत, त्यावरून या टेपांना ‘माग्नितिज्दात’ हे नाव पडले. ज्या मैफलींत हे ध्वनिमुद्रण होई त्यांना ‘क्वार्तिर्निक’, म्हणजे घरातली मैफल, म्हणत: एखाद्याच्या दोन खोल्यांच्या घरात दाटीवाटीने बसलेली माणसे, एक-दोन साध्या गिटारी, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून बंद केलेल्या खिडक्या, आणि जमेल त्याने गायकासाठी ठेवलेला एखाददुसरा रुबल.

विक्टर त्सोयचा जन्म २१ जून १९६२ रोजी लेनिनग्राडमध्ये झाला. आई वालेंतिना रशियन, शाळेत व्यायामशिक्षिका. वडील रॉबर्ट कोरियन वंशाचे, पेशाने अभियंता. त्सोय हे आडनाव म्हणजे कोरियातल्या चोय या आडनावाचे रशियन रूप. कोरियन कुटुंबे एकोणिसाव्या शतकापासून रशियाच्या अतिपूर्वेकडील प्रदेशात वस्ती करून होती. १९३७ साली स्तालिनच्या सरकारने त्यांच्यावर जपानचे हेर असल्याचा संशय घेऊन सुमारे १,७२,००० माणसांना मालगाड्यांत भरून कझाकस्तान आणि उझबेकिस्तानच्या माळरानांवर नेऊन सोडले. त्सोयच्या वडिलांचे घराणे याच लोकांपैकी, कझाकस्तानात रुजलेले. त्याच्या गाण्यांत हा इतिहास कुठेही उघडपणे येत नाही, आणि तो शोधून काढण्याचा अट्टहास करू नये असे मला वाटते. मात्र लेनिनग्राडच्या रस्त्यावर वेगळा चेहरा घेऊन वाढलेल्या, कमी बोलणाऱ्या या मुलाला पुढे ब्रूस लीचे एवढे आकर्षण का वाटले, हे समजायला त्याची थोडी मदत होते.

शाळेत त्याचे लक्ष चित्रकलेकडे होते. सेरोव कलाशाळेतून त्याला काढून टाकण्यात आले आणि नंतर त्याने व्यवसायशाळेत लाकडावरील कोरीवकाम शिकायला सुरुवात केली. जपानी नेत्सुकेसारख्या लहान मूर्ती तो सुबक कोरत असे. चित्रे तो आयुष्यभर काढत राहिला. याच सुमारास तो गाणी लिहू लागला. १९८१ साली अलेक्सेय रिबिन आणि ओलेग वालिन्स्की यांच्यासह त्याने एक गट काढला. वालिन्स्कीला लष्करी सेवेचे बोलावणे आले, उरलेल्या दोघांनी १९८२ मध्ये गटाचे नाव ‘किनो’ ठेवले. किनो म्हणजे सिनेमा. दोनच अक्षरे, कोणालाही कळणारी आणि शहरातल्या प्रत्येक चित्रपटगृहाच्या दर्शनी भागावर आधीच झळकणारी.

त्याच काळात लेनिनग्राडमध्ये एक महत्त्वाची गोष्ट घडली होती. ७ मार्च १९८१ रोजी रुबिन्स्टाइन रस्त्यावरील १३ क्रमांकाच्या इमारतीत, कामगार संघटनांच्या हौशी कला केंद्राच्या छताखाली, लेनिनग्राड रॉक क्लब सुरू झाला. त्यामागे वादकांचा अनेक वर्षांचा पाठपुरावा होता, आणि अशी सगळी मंडळी एका छताखाली डोळ्यांसमोर असणे सुरक्षा यंत्रणेलाही सोयीचे होते. क्लबात गाण्यासाठी प्रत्येक गीताचे शब्द आधी सादर करून त्यावर मंजुरीचा शिक्का घ्यावा लागे. या सोपस्काराला ‘लितोव्का’ म्हणत. मानधन मिळत नसे. तरीही कायदेशीररीत्या मंचावर उभे राहता येत होते, आणि वार्षिक महोत्सवामुळे गटांना एकमेकांचे काम ऐकायला मिळत होते. किनो या क्लबात १९८२ पासून गाऊ लागला.

त्सोयच्या पाठीशी उभे राहिले ते बरीस ग्रेबेन्शिकोव. ‘अक्वेरियम’ या गटाचे ते प्रमुख, वयाने नऊ वर्षांनी मोठे आणि शहराच्या रॉक वर्तुळात आदराचे स्थान असलेले. एका मैफलीवरून परतताना लोकलगाडीत या अबोल मुलाने गिटारवर आपली गाणी ऐकवली आणि ती ऐकून आपण थक्क झालो, अशी आठवण त्यांनी सांगितली आहे. त्यांच्याच पुढाकाराने १९८२ मध्ये किनोचा पहिला अल्बम ध्वनिमुद्रित झाला. त्याची लांबी सुमारे ४५ मिनिटे होती, म्हणून त्याचे नावच ‘४५’ ठेवले गेले. ध्वनिमुद्रण झाले ते आंद्रेय त्रोपिलो यांच्या स्टुडिओत. हा स्टुडिओ म्हणजे बालतंत्रज्ञांच्या केंद्रात मुलांना ध्वनिमुद्रण शिकवण्यासाठी दिलेली जागा होती. शिकवणी संपली की त्रोपिलो तिथे रॉक गटांना बोलावत आणि मुद्रण झाल्यावर रिळांच्या खोक्यांवर छायाचित्रांची वेष्टने चिकटवून ती पुढे पाठवत. लेनिनग्राडच्या रॉक संगीताचा फार मोठा भाग एका छांदिष्ट शिक्षकाच्या या उद्योगामुळे आज आपल्याला ऐकता येतो.

‘४५’ मधली गाणी हलकी आणि जवळपास पोरसवदा आहेत. आठवीत शिकणाऱ्या मुलीबरोबर संध्याकाळी भटकणारा तरुण, खिशात पैसे नसलेला पण वेळ भरपूर असलेला रिकामटेकडा, आणि ‘एलेक्त्रिच्का’ या गाण्यातला तो प्रवासी, ज्याला लोकलगाडी नको त्या दिशेने घेऊन चालली आहे. या शेवटच्या गाण्यात राजकारणाचा एकही शब्द नाही. गाडी आहे, थंडी आहे, उभे राहायला जागा आहे आणि उतरता येत नाही, एवढेच. ऐकणाऱ्यांना त्याचा जो अर्थ लावायचा होता तो त्यांनी लावला. त्सोयची रीत ही अशी सुरुवातीपासूनची आहे: रोजची एखादी साधी गोष्ट घ्यायची, तिचे वर्णन करायचे आणि थांबायचे. स्पष्टीकरण द्यायचे नाही.

इथे टेपचा मुद्दा पुन्हा येतो. प्रतीची प्रत आणि तिची पुन्हा प्रत काढत गेले की आवाजातले बारकावे आधी जातात. झांजेची किणकिण, वाद्यांचे उंच स्वर, कुजबुजत्या जागा, सारे खरखरीत बुडते. उरतो तो ठळक ताल, एखादी गुणगुणता येईल अशी गिटारची ओळ आणि सरळ, खर्जाकडे झुकणारा आवाज. त्सोयच्या गाण्यांत नेमके हेच आहे. त्याचा आवाज जड आणि बिनहरकतींचा. शब्द थोडे, सुटे आणि स्पष्ट उच्चारलेले: रात्र, पाऊस, शहर, रस्ता, सिगारेट, तारा, युद्ध. १९८३ मध्ये आलेल्या युरी कास्पार्यान या गिटारवादकाने या आवाजाभोवती एकेक सुरांच्या साध्या, घुमणाऱ्या ओळी रचल्या, तर गेओर्गी गुर्यानोव उभा राहून, फारशी सजावट न करता ढोल वाजवत असे. इगोर तिखोमिरोव बास गिटारवर आल्यावर गटाचे प्रसिद्ध रूप पूर्ण झाले. टेपसाठी त्याने ही शैली ठरवून घडवली असे मला म्हणायचे नाही. इंग्लंडमधल्या तत्कालीन गटांचे ठसेही तिच्यावर उघड आहेत. परंतु दहाव्या प्रतीवरही ज्याचे गाणे शाबूत राहते तोच टेपच्या जगात टिकतो, आणि त्सोय टिकला.

चार वर्षांत किनोचे चार अल्बम निघाले: १९८३ मध्ये ‘४६’, १९८४ मध्ये ‘कामचात्काचा प्रमुख’, १९८५ मध्ये ‘हे प्रेम नव्हे’, १९८६ मध्ये ‘रात्र’. यांपैकी दुसऱ्याच्या नावाबद्दल थोडे सांगायला हवे. कामचात्का हा रशियाच्या पूर्व टोकाचा द्वीपकल्प. पण रशियन शाळकरी मुलांच्या बोलीत वर्गातल्या सगळ्यात मागच्या बाकांनाही कामचात्का म्हणतात. म्हणजे हा प्रमुख आहे मागच्या बाकाचा. ब्लोखिन रस्त्यावरच्या त्या बॉयलरखोलीलाही ‘कामचात्का’ हेच नाव होते आणि आज तिथे त्सोयचे संग्रहालय व छोटा मैफल-मंच आहे.

हा काळ सोपा नव्हता. १९८४ मध्ये, सोव्हिएत नेते चेर्नेन्को सत्तेवर असताना, मान्यता नसलेल्या गटांवर नव्याने निर्बंध आले आणि कुणाची गाणी वाजवू नयेत याच्या याद्या फिरू लागल्या. त्याच वर्षीच्या रॉक क्लब महोत्सवात मात्र, आपले घर अण्वस्त्रमुक्त क्षेत्र असल्याचे जाहीर करणाऱ्या त्सोयच्या गाण्याची युद्धविरोधी गीत म्हणून वाखाणणी झाली. सरकारी शांतता-प्रचाराची भाषा त्याने आपल्या छोट्या खोलीपुरती आणली होती आणि त्यामुळे ती एकाएकी खरी वाटू लागली होती.

मार्च १९८५ मध्ये मिखाइल गोर्बाचेव पक्षाचे सरचिटणीस झाले आणि हळूहळू वारे बदलले. १९८६ च्या उन्हाळ्यात जोआना स्टिंग्रे या कॅलिफोर्नियाच्या गायिकेने लेनिनग्राडच्या चार गटांची ध्वनिमुद्रणे गुपचूप देशाबाहेर नेऊन अमेरिकेत ‘रेड वेव्ह’ नावाचा दोन तबकड्यांचा संच काढला. अक्वेरियम, किनो, अलिसा आणि स्त्रान्निये इग्री या प्रत्येक गटाला तबकडीची एक बाजू मिळाली होती. आपल्याच देशातले गट परक्या देशात आधी छापले गेले, ही गोष्ट मॉस्कोत लागली असणार. अक्वेरियमची तबकडी मेलोदियाने त्यानंतर थोड्याच काळात काढली, आणि किनोचा ‘रात्र’ हा अल्बमही पुढे तबकडीच्या रूपात आला.

त्सोयच्या कारकिर्दीचा कळस म्हणजे १९८८ सालचा अल्बम ‘ग्रुप्पा क्रोवी’, म्हणजे रक्तगट. देशातल्या सर्वांत प्रसिद्ध गटांपैकी एकाचा हा अल्बम अलेक्सेय विश्न्या यांच्या घरगुती स्टुडिओत ताल-यंत्राच्या साथीने तयार झाला. शीर्षकगीतात निघण्याच्या तयारीतला सैनिक आहे. त्याच्या बाहीवर रक्तगट आणि क्रमांक लिहिलेला आहे, आणि वाटेल ती किंमत देऊन मिळणारा विजय आपल्याला नको, असे तो सांगतो. अफगाणिस्तानातले युद्ध १९७९ पासून चालू होते आणि शवपेट्या घरोघरी येत होत्या. गाण्यात अफगाणिस्तानचे नाव नाही. पण ज्यांचे भाऊ आणि वर्गमित्र तिकडे गेले होते त्यांना ते सांगावे लागले नाही.

त्याच सुमारास चित्रपटांनी त्याला चेहरा दिला. तोवर बहुतेकांनी त्सोय फक्त ऐकला होता. सेर्गेय सोलोव्योव यांच्या ‘अस्सा’ या चित्रपटाच्या अखेरीस तो एका उपाहारगृहात गायकाच्या नोकरीसाठी येतो. तिथली अधिकारी बाई त्याला मंचावर गाणाऱ्यांसाठीचे नियम एकामागून एक वाचून दाखवू लागते. तो वाट पाहत नाही. उठतो, मंचावर जातो आणि ‘पेरेमेन’, म्हणजे बदल, हे गाणे सुरू करतो. बघता बघता भिंती नाहीशा होतात आणि समोर काडेपेट्यांचे दिवे हातात धरलेला हजारोंचा समुदाय दिसतो. नियमांची यादी आणि गाणे यांचा एवढा नेमका सामना मी दुसऱ्या कोणत्याही चित्रपटात पाहिलेला नाही. हे गाणे पुढे पेरेस्त्रोयकाचे, म्हणजे गोर्बाचेव यांच्या सुधारणा-पर्वाचे, घोषणागीतच झाले. त्सोयला मात्र ते पटत नसे. ते राजकीय गाणे नाही असेच त्याचे म्हणणे होते. गाण्याचे शब्द नीट वाचले तर त्याच्या म्हणण्यात तथ्य दिसते: टेबलावर चहा आहे, हातात सिगारेट आहे, स्वयंपाकघरात गॅसची निळी ज्योत आहे, आणि काही बदलायची वेळ आली की आपल्यालाच भीती वाटते, असे ते गाणे कबूल करते.

१९८८ मध्येच रशीद नुग्मानोव दिग्दर्शित ‘इग्ला’, म्हणजे सुई, हा चित्रपट कझाकफिल्म स्टुडिओने काढला. त्सोयने त्यात मोरो नावाच्या तरुणाची मुख्य भूमिका केली. उसने दिलेले पैसे वसूल करायला तो अल्मा-अताला येतो, जुनी मैत्रीण मॉर्फिनच्या आहारी गेलेली पाहतो आणि तिला सावरण्यासाठी आटून गेलेल्या अरल समुद्राकाठी घेऊन जातो. शेवटी बर्फाळ रस्त्यावर कुणीतरी त्याला भोसकते. तो गुडघ्यावर येतो, पुन्हा उठतो आणि पाठमोरा चालत राहतो. मागे ‘ग्रुप्पा क्रोवी’ वाजते. या भूमिकेसाठी ‘सोवेत्स्की एक्रान’ मासिकाच्या वाचकांनी त्याला १९८९ चा सर्वोत्तम अभिनेता निवडले.

त्यानंतरची दोन वर्षे धावपळीची होती. मोठ्या क्रीडागृहांत कार्यक्रम, फ्रान्स, इटली, डेन्मार्क आणि अमेरिकेचे दौरे, आणि १९८९ मध्ये ‘सूर्य नावाचा तारा’ हा मॉस्कोत व्यावसायिक स्टुडिओत मुद्रित केलेला उदास, सुरेल अल्बम. याच काळात जुने काही चाहते कुरकुरू लागले. रशियन रॉकच्या वर्तुळात बाजारू संगीताला ‘पोप्सा’ म्हणतात, आणि किनो आता पोप्साच्या वाटेवर गेला, अशी तक्रार ऐकू येऊ लागली. ही तक्रार मला न्याय्य वाटत नाही. लगेच ओठांवर बसणारी चाल आणि छोटे ध्रुवपद त्याच्याकडे ‘४५’ पासूनच होते. ‘हे प्रेम नव्हे’ तर जवळजवळ संपूर्ण प्रेमगीतांचा पॉप अल्बम आहे. तो बदलला नव्हता, त्याच्यासमोरची खोली मोठी झाली होती. २४ जून १९९० रोजी मॉस्कोच्या लुझ्निकी मैदानावर तो गायला आणि त्या कार्यक्रमात ऑलिंपिकची ज्योत पेटवली गेली.

तो त्याचा शेवटचा मोठा कार्यक्रम ठरला. उन्हाळ्यात तो लाटव्हियात समुद्रकाठच्या प्लिएंचिएम्स गावी राहायला गेला. कास्पार्यान तिथे आला आणि दोघांनी पुढच्या अल्बमचा कच्चा आराखडा, मुख्यतः आवाज आणि गिटार, टेपवर घेतला. १५ ऑगस्ट १९९० रोजी दुपारी, मासेमारीहून परतताना, तुकुम्स शहराजवळ त्याची मोस्क्विच गाडी समोरून येणाऱ्या इकारुस बसवर आदळली. गाडी चालवताना त्याला झोप लागली, असा तपासाचा निष्कर्ष होता. तो २८ वर्षांचा होता. १९ ऑगस्टला लेनिनग्राडच्या बोगोस्लोव्स्कोये दफनभूमीत त्याला पुरले, आणि त्यानंतर कितीतरी दिवस चाहते तिथेच तंबू ठोकून राहिले.

अपघातग्रस्त गाडीत सगळे काही नष्ट झाले, फक्त एक टेप वाचली, अशी दंतकथा नंतर पसरली. खरे म्हणजे ती टेप कास्पार्यान आधीच लेनिनग्राडला घेऊन गेला होता. गटाने त्या आवाजाभोवती उरलेली वाद्ये मुद्रित केली आणि १९९१ च्या सुरुवातीला तो अल्बम बाहेर आला. वेष्टन पूर्ण काळे होते आणि त्यावर गटाच्या नावाखेरीज काही नव्हते, म्हणून त्याला ‘काळा अल्बम’ म्हणतात. ‘कुकूश्का’, म्हणजे कोकीळ, हे त्याचे आज बहुधा सर्वाधिक गायले जाणारे गाणे यातलेच. कोकिळेला आपले किती आयुष्य उरले ते विचारण्याचा रशियन लोकसमज त्यामागे आहे.

मॉस्कोच्या अरबात रस्त्यालगत एका भिंतीवर १९९० पासून लोक ‘त्सोय जिवंत आहे’ असे लिहीत आले आहेत. ऑगस्ट २०२० मध्ये मिन्स्कमधल्या एका सरकारी कार्यक्रमात दोन तरुण ध्वनितंत्रज्ञांनी अचानक ‘पेरेमेन’ लावले. त्यांना दहा दिवसांची कोठडी झाली आणि पुढच्या आठवड्यांत बेलारूसच्या रस्त्यांवर, सरकारविरोधी निदर्शनांत, तेच गाणे हजारोंनी गायले. मे २०२१ मध्ये कास्पार्यान आणि तिखोमिरोव किनो या नावाने मॉस्कोत पुन्हा मंचावर आले. वाद्ये त्यांनी प्रत्यक्ष वाजवली, त्सोयचा आवाज मात्र जुन्या टेपांवरून वेगळा काढून लावला होता.